डॉक्टरांचा ब्रेक पुढे नेला तेव्हा

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मला अंदाज नाही. कोणी हे वाचलंच तर आधीच माफी मागते. चौथीनंतर माझ्या हातात पेन राहिलं नाही, लग्नानंतर पाना आला. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. एक काम माझ्या हातून झालं, बिघडलं, मग नीट झालं, आणि त्यात एका माणसाचे माझ्यावर उपकार झाले. ते तोंडाने सांगणं मला जमलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

लोक डॉक्टरांची गाडी टेम्पोतून उतरवत होते तेव्हा मी एका ट्रॉलीच्या हुकाला वेल्डिंग करत होते. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बाजेवरून आवाज दिला.

"सूनबाई, ढोराचे डॉक्टर आले. काम तुलेच पाहा लागते. तुझा नवरा तं इथं नाई."

बीबी गावाच्या रस्त्याला आमचं वर्कशॉप आहे. वर्कशॉप म्हणजे घराचीच पुढची खोली, समोर ओटा आणि वर पत्रे. माझे घरचे, म्हणजे नवरा, हंगामात मळणीयंत्र घेऊन गावोगाव असतात. मामाजींचे हात आता थरथरतात. म्हणून नांगराचा फाळ असो की मोटारसायकलचं स्टँड, जे येईल ते मी करते. शिकवलं मामाजींनीच. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम मात्र अजून त्यांच्याकडे आहे. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. मी मान खाली घालून लोखंडाकडे बघते.

डॉक्टर म्हणजे पूर्ण डॉक्टर नाहीत. गावोगाव जाऊन गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन करतात, किरकोळ औषधपाणी करतात. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. अपघातात त्यांचा उजवा पाय मोडला होता. हाड जुळलं, पण गुडघा अर्ध्यावर येऊन थांबतो, पुढे वाकत नाही. साध्या मोटारसायकलवर पाय दुमडून ठेवावा लागतो. ते त्यांना जमत नव्हतं. कोणाच्या मागे बसायचं म्हटलं तरी तीच अडचण. ते ऑटो करून कामाला जात होते. पण गाय माजावर आली की लगेच पोचावं लागतं, ती दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. ऑटो मिळेपर्यंत लोक दुसऱ्याला बोलावून घ्यायचे.

"ही गाडी जमली तं ठीक," ते मामाजींना म्हणाले. "नाई तं घरीच बसा लागते. लोकं आता मले फोन करणंच सोडून राह्यले."

त्यांनी आणलेली गाडी जुनी क्रूझर होती. आमच्याकडे क्रूझर म्हटलं की प्रवासी जीप समजतात. ही मोटारसायकल. बसकी, लांबट, सीट खाली आणि हँडल वर. शहरात हौशी लोक अशा गाडीला 'फॉरवर्ड कंट्रोल' लावतात. म्हणजे फूटरेस्ट, गिअर आणि मागचा ब्रेक, तिन्ही उचलून पुढे लेगगार्डपाशी न्यायचे. मग खुर्चीत बसून पाय लांब केल्यासारखं बसता येतं. गुडघा दुमडावा लागत नाही. डॉक्टरांनी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ दाखवला. तयार किट मिळतं, पण या जुन्या मॉडेलला बसेल असं मिळेना. जालन्यात एकाने नाही म्हटलं. दुसऱ्याने सांगितलेला भाव गाडीच्या किमतीएवढा होता.

"होईन का तुह्याच्यानं?" मामाजींनी मला विचारलं.

मी गाडीभोवती फिरले. इंजिन फ्रेमला पुढून कुठे बांधलंय ते पाहिलं.

"हाव," मी गाडीकडे बघूनच म्हटलं.

पहिला प्रश्न, फूटरेस्ट बांधायचे कशाला? व्हिडिओतल्या माणसाने लेगगार्डच्या पाइपलाच क्लॅम्प आवळले होते. ते मला पटलं नाही. लेगगार्ड गाडी पडली तर पाय वाचवायला असतं, माणसाचा भार घ्यायला नाही. खड्ड्यात गाडी आदळली आणि डॉक्टरांनी पायावर जोर दिला की क्लॅम्प पाइपावर फिरणार. म्हणून मी जुन्या ट्रॉलीच्या जाड पट्टीचे दोन ब्रॅकेट केले आणि इंजिन जिथे फ्रेमला बोल्टने बांधलेलं असतं तिथे ते अडकवले. आधी खोक्याचा पुठ्ठा कापून आकार बसवून पाहिला, मगच लोखंड कापलं. पुठ्ठा चुकला तर फेकता येतो. नट नायलॉकचे वापरले. त्याच्या आत प्लास्टिकची कडी असते, हादऱ्याने तो ढिला होत नाही.

मग गिअर. तो डाव्या पायाचा, आणि डॉक्टरांचा डावा पाय चांगला आहे. गिअरचं जुनं पेडल काढून त्या दांड्यावर एक आखूड हात, म्हणजे लोखंडी पट्टी, बसवला. पुढे नवं पेडल. दोघांच्या मध्ये लांब रॉड, रॉडच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट, म्हणजे कोपरासारखे फिरणारे सांधे. सगळं जोडून मी चाक हातात धरून गिअर टाकून पाहिला, तर उलटा. खाली दाबलं की वर जायचा, वर उचललं की खाली यायचा. मी आखूड हात खालच्या बाजूला लटकवला होता आणि पेडलचा हात वर होता. दोन्ही एकाच बाजूला पाहिजेत. सोडून पुन्हा जोडलं. मामाजी बाजेवरून हसले.

"माह्याकडूनबी एकदा असंच झालं होतं. गिऱ्हाईक म्हणे, राहू द्या, मी उलटंच शिकून घेतो."

शेवटी मागचा ब्रेक. हा उजव्या पायाचा. खरं काम इथेच होतं, आणि चूक इथेच झाली. ती समजायला आमच्या घरचा एक नियम सांगावा लागेल.

आमच्या वर्कशॉपमध्ये पायताण घालून कोणी येत नाही. मशीन ही लक्ष्मी आहे असं मामाजी मानतात. गिऱ्हाईक पाटील असो की ड्रायव्हर, चपला-बूट ओट्याच्या पायरीशी काढायचे. आत घालायला माझे कॅनव्हासचे जुने बूट वेगळे आहेत, ते बाहेर नेत नाही. गावाला हे माहीत आहे, कोणी वाईट मानत नाही. डॉक्टर तर फार रीतीचे. ते पायरीवर बसून कसेबसे बूट काढायचे आणि भिंत धरून, एका बाजूला झुकत आत यायचे. ते बूट काढायला बसले की मी मुद्दाम आत काहीतरी शोधायला जायची. कोणाच्या अधू पायाकडे बघू नये, असं मला वाटायचं. पायाबद्दल मी काही विचारलंही नाही. गुडघा किती वाकतो आणि घोटा किती हलतो ते मामाजींनी विचारलं, तेवढं ऐकलं.

डॉक्टर गाडीवर बसले. त्यांनी पाय फूटरेस्टवर ठेवला. अंगठा कुठे येतो तिथे मी खडूने खूण केली. घोटा कमी हलत होता, म्हणून ब्रेकचं पेडल पायाच्या अगदी जवळ ठेवलं. नुसता पंजा टेकवला की ब्रेक लागावा. पेडलपासून मागच्या ब्रेकपर्यंत रॉड, पेडल परत वर यायला स्प्रिंग. पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. चांगलं लागत होतं.

चक्कर मारायला डॉक्टरांना एवढी घाई झाली की ते तसेच अनवाणी निघाले. पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आले. तोवर ओट्यापुढे चार माणसं जमली होती.

"डॉक्टर, आरामखुर्ची घेतली का गाडी बे?"

"उशी देऊ काय पाठीले?"

"तू चहा आण," डॉक्टर त्याला म्हणाले, "मी इथंच बसून पेतो."

ते हसत होते. मी दाराआडून पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय पुढे लांब होते आणि चेहरा लहान पोरासारखा झाला होता. मामाजींनी नारळ फोडला. डॉक्टरांनी मजुरी दिली, पायरीवर बसून बूट घातले आणि गेले. मी तेव्हाही आतच होते.

आठवडा झाला नसेल. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून ती गाडी परत आली. ट्रॉलीत गाडीशेजारी डॉक्टर बसले होते. मागचं चाक जाम होतं.

त्यांनी मामाजींना सांगितलं ते असं. लोणारच्या रस्त्याने एका गाईसाठी निघाले होते. गाडी ओढ घेईना. मागून आलेल्या एकाने ओरडून सांगितलं, तुमचा मागचा लाल लाईट चालूच आहे. त्यांना वाटलं स्विच अडकला असेल. मग जळका वास आला. एका मळ्यापाशी थांबले तर मागच्या चाकातून धूर निघत होता. मळ्यातले लोक धावत आले, 'पेटते, पेटते, पाणी मारा' म्हणत ओलिताचा पाइप ओढून चाकावर धरला. टण् असा आवाज झाला आणि ड्रम तडकला.

ड्रम म्हणजे चाकाच्या मधला गोल डबा. त्याच्या आत ब्रेकचे दोन शू असतात. पेडल दाबलं की ते पसरतात, ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं. पेडल थोडंसं जरी सारखं दाबलेलं राहिलं तर शू घासत राहतात आणि ड्रम तव्यासारखा तापतो. तापलेल्या लोखंडावर गार पाणी टाकलं की ते तडकतं. मळ्यातल्यांनी मदतच केली होती बिचाऱ्यांनी.

"गाय?" मामाजींनी विचारलं.

"दुसऱ्यानं केलं," डॉक्टर म्हणाले.

चाक चालत्या गाडीत जाम झालं असतं तर काय झालं असतं, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी पेडल दाबलं. परत वर आलं. स्प्रिंग पाहिली, चांगली. रॉडला ढील होती, पाहिजे तेवढी होती. कुठे काही अडकत नव्हतं. पुन्हा सगळं पाहिलं. चूक सापडत नाही हे चूक सापडण्यापेक्षा वाईट.

"पाय पेडलवर ठेवून चालवत असान," मामाजी डॉक्टरांना म्हणाले.

"नाई हो. पाय फूटरेस्टवरच असते माहा."

तेवढ्यात त्या दिवशी ओट्यापुढे जमलेल्यांतली दोघं आली. गावात बातमीला पाय फुटतात.

"काय झालं डॉक्टर? बाईच्या हातच्या ब्रेकनं दगा देल्ला वाट्टे!"

मी आत वळणार होते. डॉक्टरांचं बोलणं कानावर आलं म्हणून थांबले.

"ड्रम पाण्यानं फुटला बे. अन् ब्रेकचं काम अजून चालू आहे. संपलं कुठं?"

काम संपलं होतं. मजुरी घेऊन झाली होती, नारळ फुटला होता. तरी ते म्हणाले, काम चालू आहे. हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. ती दोघं गेली.

डॉक्टर जायला निघाले. पायरीवर बसून बूट घालू लागले. या वेळी मी आत गेले नाही. मी तिथेच खाली मान घालून उभी होते, म्हणून बूट दिसला. डावा साधा होता. उजव्याचा तळ चांगला तीन बोटं जाड. ऑपरेशनात पाय आखूड झाला होता, म्हणून तसा करून घेतला होता.

मी पुढे होऊन तो बूट उचलला.

"सूनबाई!" मामाजी ओरडले. परक्या पुरुषाचा बूट सुनेने हातात घेतलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"डॉक्टर, गाडी चालवता तवा हा बूट पायात असते?" मी विचारलं. त्यांच्याशी थेट बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

"हाव. बिना बुटाचं मले धड चालता येते काय?"

"मंग बूट घालून आत या."

डॉक्टरांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ये बापा, ये," ते म्हणाले. "मशीन काय पायताण पाहून चालते काय?"

डॉक्टर बूट घालून गाडीवर बसले. मी चावी फिरवली आणि गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले.

"पाय फूटरेस्टवर ठेवा."

मागचा लाईट लाल झाला.

"उचला."

विझला.

"ठेवा."

पुन्हा लाल.

अनवाण्या पायाला जे पेडल जवळ होतं, ते त्या जाड तळाखाली कायम दाबलेलं राहत होतं. ब्रेक थोडा थोडा सतत लागलेला.

"मले कळलंच नाई," डॉक्टर म्हणाले. "या पायाले तसंही कमी समजते. त्यात खाली एवढं रबर."

मामाजी बाजेवर मांडी घालून बसले. "तिनं विचारलं नाई, तुम्ही सांगतलं नाई. दोघंबी सभ्य. गाडी तेवढी बोंबलली."

डॉक्टर हसायला लागले. मला रडू येत होतं, पण मीही हसले.

नवा ड्रम आणि शू जालन्याहून आणावे लागले. डॉक्टरांनी स्वतःच्या पैशाने आणले, कारण तेव्हा माझ्याकडे तेवढे नव्हते. मी मामाजींना हळूच म्हटलं, त्यांना सांगा, ते पैसे माझ्याकडे.

"ते काऊन घेतीन? माणूस चांगला आहे."

"म्हणूनच सांगा."

"तूच सांग. आता तं बोलता येते तुले."

मग मीच सांगितलं. "ड्रमचे पैसे माह्याकडं. थोडे थोडे देईन."

ते म्हणतील, राहू द्या ताई, बाई माणसाकडून काय घ्यायचे, अशी मला भीती होती. तसं म्हणाले असते तर मला पुढे काही बोलता आलं नसतं. काम पुरुष मिस्त्रीने बिघडवलं असतं तर त्याच्याकडून त्यांनी भरपाई घेतली असती, हे मला माहीत होतं.

डॉक्टरांनी थोडा विचार केला.

"बरं," म्हणाले. "जमन तसे द्या."

आता माप नव्याने घेतलं. बूट पायात, खांद्याला औषधांची बॅग, मागे रेतनाच्या कांड्यांचं जड भांडं बांधलेलं. रोज जसे निघतात तसे बसवले. पेडल खाली नेलं आणि आणखी पुढे. पेडलचा पंजा रुंद केला, कारण त्यांच्या तळपायाला जाणीव कमी. फूटरेस्टच्या मागे टाचेला अडायला एक कडा दिली. आता ब्रेकसाठी घोटा हलवायचा नव्हता. कमरेतून सगळा पाय पुढे सरकवायचा, तेव्हाच पेडल लागणार. तसा त्यांचा पाय चांगला सरकतो. जुना रॉड आखूड पडत होता. त्याला जोड मारून वेल्डिंग करता आलं असतं, पण ब्रेकच्या रॉडला जोड नको. अखंड नवा रॉड घेतला, लेथवर आटे पाडले. आधीपेक्षा कडक स्प्रिंग लावली. मग डॉक्टरांना बसवून मी पुन्हा मागे उभी राहिले. पाय ठेवला, लाईट विझलेला. दाबला, लागला. सोडला, विझला.

या वेळी चक्कर मारताना बूट पायात होते. मी रस्त्यावर येऊन उभी राहिले, सगळ्यांच्या देखत. डॉक्टर लोणारच्या रस्त्याने बरेच लांब जाऊन आले. गाडी थांबताच मी वाकून ड्रमला हात लावला. चहाच्या कपाएवढाही गरम नव्हता.

"चालन काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालन. पण दोन दिसांनी दाखवाले आणा."

ते आणत राहिले. मी दर वेळी नट पाहायची आणि ड्रमला हात लावायची. पायासाठी केलेला बदल गाडीच्या कागदावर चढवावा लागतो म्हणे, तेही त्यांनी आरटीओत जाऊन करून घेतलं. त्यांचे फोन पुन्हा सुरू झाले. कधी कधी आमच्या ओट्यापाशी उभे असतानाच वाजायचा आणि ते चहा अर्धा टाकून निघायचे.

यातून मी एवढंच शिकले. माणूस रोज जसा गाडीवर बसतो तसा बसवून माप घ्यावं, पायताणासकट आणि ओझ्यासकट. आणि जे विचारायला लाज वाटते ते सगळ्यात आधी विचारावं. आमच्या पायरीशी पायताण काढायचा नियम अजून आहे. फक्त गाडीचं माप द्यायला येणाऱ्याला तो नाही. मामाजी स्वतःच ओरडतात, "बूट राहू दे पायात! नाई तं आमच्या सूनबाई उचलून आणतीन."

माझ्या घरच्यांनी फोनवर ड्रमच्या पैशांबद्दल विचारलं होतं, "डॉक्टर ओळखीचे आहेत, माफ नाई का करणार?" मी म्हटलं, "करतीन. म्हणूनच द्यायचे." ते म्हणाले, "मळणीतले पाठवू काय?" मी नको म्हटलं. पण त्यांनी विचारलं ते बरं वाटलं.

कधी एका फाळाची मजुरी, कधी दाराच्या जाळीची, असं जमेल तसं मी देत गेले. डॉक्टरांनी एकदाही 'राहू द्या' म्हटलं नाही. एकदाही मागितलेही नाहीत. शेवटचे उरले होते ते मी मामाजींच्या हाती दिले नाहीत. स्वतः ओटा उतरून गाडीपाशी गेले. डॉक्टरांनी नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. त्यातली एक नोट फाटकी निघाली, ती परत केली.

"ही चालत नाई ताई. बदलून द्या."

मी आतून दुसरी आणून दिली. त्यांनी ती बाकीच्यांत ठेवली, नोटा दुमडून खिशात घातल्या आणि म्हणाले, "फिटले. पुरे फिटले."